पलंगाखालची फरशी

मल्लेश्वरम, बंगळूर
संक्रांत, १४ जानेवारी १९५९

ती. सौ. ताईस,
धाकट्या विद्याधरचा सा. न. वि. वि. तिळगूळ पाकिटात चिकटतो, म्हणून नुसता शब्द पाठवतोय. गोड मानून घे.

माझं सगळं आयुष्य बदललं तो क्षण मी तुला घड्याळासकट सांगू शकतो. काल, मंगळवार, सकाळी पावणेअकरा. जागा चामराजपेट, दवाखान्यांना लोखंडी खाटा पुरवणाऱ्या एका छोट्या कारखान्याची ओसरी. एका मुलीने वहीतून मान वर केली आणि आमच्या पलंगाखाली काय आहे असं मला विचारलं.

हसू नकोस. क्रमाने सांगतो. पद्माकरकाकांचा पाय मोडल्याचं तुला कळलंच असेल. रविवारी सायकलवरून हेब्बाळच्या तळ्यावर पक्षी बघायला गेले, उतारावर म्हैस आडवी आली. काकांनी घंटा वाजवली, म्हशीने मनावर घेतलं नाही. आता मांडीपासून अंगठ्यापर्यंत प्लॅस्टर आणि सहा आठवडे पलंग. पण काका पडले इंजिनियर! कारखान्यातून नकाशे घरी मागवतात, उशीवर पसरतात आणि तपासता तपासता पेन्सिल गादीत खुपसतात. दवाखान्यात त्यांनी एक टेबल पाहिलं होतं. बाजूला एकच लोखंडी खांब, त्याच्या डोक्यावर फळी. फळी पलंगावर आडवी येते आणि तिचा तोल राहावा म्हणून खाली चाकं लावलेले दोन लांब पाय पलंगाखाली सरकतात. हवं तेव्हा ओढा, नको तेव्हा ढकला. तस्संच घरी पाहिजे म्हणून काका हटून बसले आणि ते करवून आणायचं काम माझ्याकडे आलं.

या कामावर माझं काय टांगलेलं आहे ते तुला ठाऊकच आहे. मी कॉलेज सोडलं तेव्हा आप्पांनी मला इथे धाडलं ते अटीवर. तीन महिन्यांत एक काम, एकच, कुणाशी न भांडता शेवटापर्यंत नेऊन दाखवायचं. दाखवलं तर बंगळूरला राहायचं, काका कुठेतरी चिकटवून देतील. नाही तर परत सांगली आणि हळदीच्या अडतीवर पोती मोजायची. दोन फेब्रुवारीला आप्पा स्वतः निकाल द्यायला येतायत. आतापर्यंत नळवाल्याचं काम फसलं आणि विमा कचेरीतलं फसलं. दोन्ही वेळा चूक समोरच्याची होती. हे तिसरं आणि शेवटचं.

तर ती मुलगी. नाव कावेरी. मालक विश्वेश्वरराव तिचे वडील, ती त्यांना अण्णा म्हणते. घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यांची मराठी आपल्यासारखी सुरू होते आणि मध्येच कानडीच्या गल्लीत शिरते. गिऱ्हाइकाकडून मापं घेणं आणि नकाशे काढणं तिचं काम. मी उंची सांगितली, रुंदी सांगितली, काकांच्या पोटाचा घेर सांगितला. तिने सगळं वहीत कानडीत उतरवलं आणि मग म्हणाली की पलंगाखाली काय ठेवलंय ते स्वल्प आठवून सांगा की, पाय तिथंच जाणार आहेत.

आता परक्या मुलीला आपल्या पलंगाखालचं सांगतं का कुणी? मला रागच आला. ताडकन म्हणालो की फरशी आहे, दुसरं काय असणार? ती म्हणाली, सरी, म्हणजे कानडीत ‘बरं’. आणि वहीत काहीतरी वळणदार लिहिलं. मला कानडी वाचता येत नाही, पण ताई, ‘फरशी’ हा शब्द इतका देखणा लिहिलेला मी जन्मात पाहिला नाही.

टेबल मंगळवारी मिळेल. लग्नाचं आप्पांना एवढ्यात सांगू नकोस.

कळावे. कळलं नाही तरी लोभ असावा.
तुझा
विद्याधर

---

नाशिक
१८ जानेवारी १९५९

चि. विद्याधर यास,
ताईचे अनेक आशीर्वाद, आणि एक चापट.

तुझं पत्र आलं. या घरात पत्र एकट्याने वाचायची सोय नाही हे तू दर वेळी विसरतोस. आधी मी वाचलं, मग ह्यांनी वाचलं, मग सासूबाईंना डोळ्यांना दिसत नाही म्हणून मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. काकांच्या पोटाच्या घेरापर्यंत ठीक चाललं होतं. ‘लग्नाचं’ या शब्दाला सासूबाईंनी माळ खाली ठेवली आणि मुलगी कुणाची, गोत्र काय, असं विचारलं. मी सांगितलं, मुलगी कुणाची ते कळलंय, पण अजून त्या मुलीला काहीच कळलेलं नाही.

बाळा, मी तुला ओळखते. गणपतीत तू वाचनालयातल्या मुलीपायी कादंबऱ्यांचा दंड भरत होतास. दिवाळीत दातांच्या डॉक्टरांच्या पुतणीपायी चांगला धडधाकट दात उपटून घेतलास. प्रत्येकीशी आधी भांडलास आणि मग प्रेमात पडलास. या खेपेला दोन्ही एकाच मिनिटात उरकलंस, ही प्रगती म्हणायची.

पण मला राहवेना ते दुसऱ्याच गोष्टीपायी. प्रेमाकाकूच्या पलंगाखाली फरशी? अरे, मी त्या घरी महिनाभर राहिलेय. त्या पलंगाखाली दोन ट्रंका आहेत, गव्हाचा पिंप आहे, चिंचेची बरणी आहे, कल्हईला जाणारी आणि कधीच न गेलेली पातेली आहेत आणि काकू लग्नात घेऊन आली ती पेटी आहे, भात्याला भोक पडलेली. खाली फरशी असेलही. उत्तर ध्रुवसुद्धा आहेच म्हणतात. पाहिलाय कुणी?

तेव्हा शहाण्यासारखा वाग. टेबल तयार व्हायच्या आत चामराजपेटेत जा आणि सांग की चुकलं, खाली सामान आहे. एवढंच वाक्य. तुला ते जड जाणार हे मला माहीत आहे. कॉलेजात ड्रॉइंगच्या मास्तरांनी वर्तुळ लांबट आलंय म्हटलं, तेव्हा कागद फिरवून बघायच्या ऐवजी तू कॉलेज सोडलंस. वर्तुळ लांबटच होतं रे. आप्पांनी ते अजून कपाटात ठेवलंय.

काकांना नमस्कार, म्हशीला सोडून सगळ्यांना आशीर्वाद. राग मानू नकोस, आणि मानलास तर लवकर संपव.
तुझी
हेमलताताई

---

मल्लेश्वरम
गुरुवार, २२ जानेवारी १९५९

ती. सौ. ताईस,
विजयी विद्याधरचा सा. न. वि. वि. (सासूबाईंसाठी: कुशल आहे, हवा थंड आहे. यापुढचं त्यांना वाचून दाखवू नये.)

तुझं पत्र आज दुपारी पोचलं. दोन दिवस आधी पोचतं तर कदाचित उपयोग झाला असता, आता गरज नाही. सगळं मी निस्तरलंय. ऐक.

मंगळवारी टेबल आणायला गेलो. काय टेबल होतं! हिरवा रंग, सागाची फळी, गुळगुळीत चाकं. कावेरीने एक बोट लावलं आणि ते ओसरीभर फिरून तिच्याकडे परत आलं. मी असतो तरी तेच केलं असतं. टांगेवाला नेईना, घोडा बुजेल म्हणाला. मी म्हटलं, चाकं आहेत ना, आपण ढकलत नेऊ. चामराजपेट ते मल्लेश्वरम, ताई! चिकपेटेत एका आजोबांनी फळीवर पैसे ठेवले आणि दोन इडल्या मागितल्या. पुढे पोलिसाने फेरीवाल्याचा परवाना विचारला. हे पलंगाचं टेबल आहे म्हटल्यावर त्याने पलंग कुठाय असं विचारलं आणि माझ्याकडे फार संशयाने बघितलं. शेषाद्रीपुरमच्या उतारावर ते माझ्या हातून सुटलं आणि एका लग्नाच्या वरातीत बँडच्या पुढे जाऊन थांबलं. वरातीतले लोक भले. त्यांनी त्यावर हार घातला.

घरी आलो. काका उशीला टेकून वाट बघतायत. मी टेबल पलंगाला भिडवलं, ढकललं. नऊ इंच गेलं आणि थांबलं. पुन्हा ढकललं तर पलंगाखालून कुणीतरी कण्हल्यासारखा आवाज आला. काका दचकले. मी वाकून पलंगपोस उचलला आणि तू लिहिलेलं सगळं तिथे होतं. तुझ्या यादीत एक पाळणा राहिला.

आता तू म्हणशील, काकूला सामान काढायला सांगायचं. त्या सामानाबद्दल काकांनी वीस वर्षांत ब्र काढलेला नाही, तिथे मी काढणार? आणि काढलं असतं तर ती म्हणाली असती, टेबल सांगताना हे सांगितलं नाहीस वाटतं? मग मी काय बोलणार?

म्हणून मी सरळ चामराजपेटेत गेलो आणि पाय लांब झाल्याचं सांगितलं. जरा मोठ्याने सांगितलं. विश्वेश्वरराव शांत माणूस. त्यांनी मुलीकडे बघितलं. ती म्हणाली की फळी जेवढी पुढे येते तेवढे पाय खाली जायलाच हवेत, नाही तर तोल जाईल. आणि मग तिने मला पुन्हा विचारलं की खाली नक्की फरशीच आहे ना. सगळे कामगार हात थांबवून बघत होते. ताई, त्या वेळी ‘नाही’ म्हणणं कुणाला शक्य होतं? मी म्हणालो, फरशी! एकदा सांगितलं ना!

आज सकाळी त्यांचा जुना मिस्त्री परसू करवत घेऊन घरी आला. मी पलंगपोस जमिनीपर्यंत नीट ओढून ठेवला होता. परसूने उचलायला हात घातला तसं मी म्हटलं, आजारी माणसाचा पलंग आहे, हात लावू नका. तो म्हणाला, सरी स्वामी, तुम्ही म्हणाल तसं. टेबल ढकलून बघितलं, नऊ इंचांवर खडूची खूण केली आणि पाय तिथे कापले. आता टेबल थेट पलंगापर्यंत जातं. फळी काकांच्या बरोब्बर छातीसमोर. परसू जाताना म्हणाला की वर फार जड ठेवू नका. टेबलावर कोण जड ठेवतं?

काका खूष आहेत. त्यांना वरून पाय दिसत नाहीत. आजच त्यांनी आप्पांना लिहिलं की मुलाने काम तडीस नेलं, भांडण नाही, तंटा नाही. काम फत्ते! आता फक्त कावेरीला सांगायचं उरलं, तेही आप्पा आले की वडीलधाऱ्यांकडूनच रीतसर विचारू.

पाळणा कुणाचा ते कळव. लोभ आहे त्यापेक्षा जरा वाढव.
तुझा
विद्याधर

---

मल्लेश्वरम, बंगळूर
२६ जानेवारी १९५९

चि. सौ. हेमलता हिस,
प्रेमाकाकूचे पोटभर आशीर्वाद. आज प्रजासत्ताक दिन म्हणून टपाल बंद, पण लिहिल्याशिवाय माझं मन हलकं व्हायचं नाही. उद्या पेटीत टाकीन.

तुझ्या काकांना ते बगळ्यासारखं एका पायावर उभं राहणारं टेबल आल्याचं विद्याधरने कळवलं असेलच. नकाशांपुरतं होतं तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. पण शुक्रवारी हे म्हणाले की जेवणही मी यावरच घेणार. मी म्हटलं, या घरात अंथरुणात जेवण झालेलं नाही. अंथरूण खरकटं झालं तर धुवू कुठे आणि वाळवू कुठे? इतके दिवस मी यांना कसंबसं खुर्चीवर बसवून, पाय दुसऱ्या खुर्चीवर देऊन वाढत होतेच की. तर हे वादाला उभे राहिले, म्हणजे पडल्या पडल्याच. म्हणाले, टेबल स्वतःच्या पायांवर जमिनीवर उभं आहे, पलंगाला त्याचा स्पर्शही नाही, म्हणजे मी जमिनीवरच जेवतोय, फक्त जमीन उंच आहे. मला पटेना. मग त्यांनी वर्तमानपत्राचं एक पान मागवलं आणि फळी व पांघरुणाच्या मधून या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढून दाखवलं. कुठे अडलं नाही. मी म्हटलं, बरं. पण रोज वाढायच्या आधी पान ओढून दाखवायचं. शनिवारी सकाळी दाखवलं, जेवण नीट झालं, पोळी-भाजीच होती.

काल रविवार म्हणून केला बेत. आमटी, भात, अळूची भाजी, मठ्ठा, आणि पाटवड्या केल्या होत्या त्या सगळ्या. पान ओढलं. मी पितळेचं ताट ठेवलं, आमटीची वाटी ठेवली, मठ्ठ्याचा तांब्या ठेवला आणि तो तांब्या ठेवल्याबरोबर त्या बगळ्याने मान टाकली गं! अख्खं टेबल यांच्या अंगावर आलं. पायांना दुखापत नाही, देवाची कृपा. पण आमटी आणि अळू प्लॅस्टरमध्ये गेलं. वरून नव्हे, आत, गुडघ्यापर्यंत. हे ओरडतायत की भाजलं, मी ओरडतेय की खरकटं झालं, विद्याधर ओरडतोय की कुणाची चूक नाही.

आता मला सांग, अंथरूण धुता येतं, माणूस पुसता येतो, प्लॅस्टर कसं धुवायचं? डॉक्टर म्हणाले, अजून चार आठवडे पाणी लावायचं नाही. म्हणजे चार आठवडे खरकटा पाय घरात? शेवटी मला आठवलं की सासूबाईंनी काशीहून आणलेला गंगेचा गडू आहे. तो होता पलंगाखाली, आतल्या ट्रंकेत. तेव्हा हे सगळं बाहेर काढलं. पिंप, पातेली, बरणी, पेटी, तुझा पाळणा. गंगा शिंपडली. पायाला अळूचा वास येतो तो येतोच.

आणि गंमत ऐक. खाली सगळं रिकामं झाल्यावर मी म्हटलं, या टेबलाचे पाय एवढे आखूड का? तर विद्याधर म्हणाला, सामानाला अडत होते म्हणून कापून घेतले. अगं, मला एका शब्दाने विचारलं असतं तर मी दहा मिनिटांत काढलं असतं! संक्रांतीपासून मी म्हणतेय की ते सगळं एकदा काढून झाडायचंय. पण मला विचारतो कोण?

संध्याकाळी ते कारखान्याचे विश्वेश्वरराव स्वतः आले. कुणीतरी सांगितलं असावं. फार ओशाळले होते. म्हणाले, चूक आमची, मुलीने नकाशा काढला, पाय बसले नाहीत, मग कापावे लागले. नवं टेबल फुकट करून देतो. आणि म्हणाले, मुलीच्या हातात पेन्सिल दिली हेच चुकलं, लोक आधीपासून सांगत होते. वही काढून घेतलीय, आता परसूच मापं घेईल. बुधवारी, चार तारखेला धारवाडचे लोक तिला बघायला येणार आहेत. मला वाईट वाटलं. मुलगी मी पाहिलेली नाही, पण एका तांब्यापायी एवढं?

आपल्या विद्याधरचं मात्र कौतुक केलं पाहिजे. एवढा तापट मुलगा, एरवी नळवाल्याच्या अंगावर धावून गेला होता, पण विश्वेश्वररावांसमोर शब्द बोलला नाही. खाली मान घालून उभा. ते माफी मागत होते आणि हा उलट खांबाआड सरकत होता. किती सुधारला! काकांनी आप्पांना लिहिलंच आहे, मीही सोमवारी ते आले की सांगणार.

जावईबापूंना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार. पाय या विषयावर त्यांना काही तोडगा ठाऊक असेल तर उलट टपाली कळव. माया करतेस तशीच करत राहा.
तुझी
प्रेमाकाकू

---

(पोस्टकार्ड)

चामराजपेट
२८-१-५९

रा. रा. विद्याधर करंबेळकर यांस,
सा. न. वि. वि. ऑर्डर नंबर ४१, पलंगावरचं टेबल.

नवं टेबल करायचं आहे म्हणून विचारते. परसू सांगतो की पाय नऊ इंचांवर कशाला तरी लागत होते आणि लागले की खालून पेटीचा सूर निघत होता. काळी चार असावा, असं तो म्हणतो, त्याला भजनामुळे कळतं. आमच्या कारखान्यातही फरशी आहे. ती वाजत नाही.

वही माझ्याकडं आता नाही म्हणून कार्डावर लिहिलं. अण्णांना मी काही सांगितलं नाही. मी सांगितलं तर मुलगी आपली चूक दुसऱ्यावर ढकलते असंच होणार. मला उत्तर नको. टेबलाचे पाय किती लांब करायचे एवढं परसूला कळवा, म्हणजे काकांच्या अंगावर परत काही सांडायला नको. आता कसे आहेत ते?

मराठी लिहायची सवय नाही, चुकीबद्दल क्षमा असू द्यावी.
कावेरी

---

मल्लेश्वरम
रविवार, १ फेब्रुवारी १९५९, दुपारी चार

ती. सौ. ताईस,
विद्याधरचा सा. न. वि. वि., आणि या वेळी नमस्कार खरोखर वाकून केलाय.

हे पत्र मी त्याच टेबलावर लिहितोय. उजव्या पायाने खांब दाबून धरलाय, नाही तर पहिल्या ओळीलाच ते माझ्या मांडीवर झोपलं असतं. काकूचं पत्र तुला मिळालं असेल. त्यात मी किती सुधारलो ते लिहिलं असेल. मी खांबाआड का सरकत होतो ते तिला कळलेलं नाही. तुला कळलं असणार.

शुक्रवारी कावेरीचं कार्ड आलं. कार्डच ते, आधी पोस्टमनने वाचलं, मग काकूने, मग काकूने काकांना वाचून दाखवलं, मग मला मिळालं. माझं नाव तिच्या हातून लिहिलेलं मी पहिल्यांदा बघितलं आणि पहिली पाच मिनिटं आनंदात गेली. मग मजकूर वाचला. मग अर्धा तास मी संतापलो होतो. काळी चार! एवढ्या बारकाईने कुणी माणसाला पकडतं? तिने तरी दोनदा कशाला विचारायचं, पहिल्यांदाच परसूला पाठवून बघायला काय झालं होतं? मी उत्तर लिहायला बसलो. ‘आपल्या कार्डातील सूर’ अशी सुरुवात केली. ते फाडलं. ‘वास्तविक पलंगाखाली सामान असते ही गोष्ट’ असं लिहिलं. तेही फाडलं. अकरा कागद फाडले. बाराव्यावर मी नुसतं लिहिलं की मी खोटं बोललो, आणि त्याच्यापुढे लिहिण्यासारखं काहीच सापडेना. ताई, तेवढंच होतं ते सगळं. तिने विचारलं, मला लाज वाटली, मी खोटं बोललो. आणि त्यापायी तिची वही गेली.

मी तिच्या प्रेमात आहे असं तुला तीन पानं लिहिलं, आणि तिच्यासाठी केलं काय? सगळ्या कामगारांसमोर तिच्यावर ओरडलो. तिने काढलेला नकाशा बरोबर होता. आम्ही तो काल पाहिला, काकांनी मागवून घेतला. काका चष्मा लावून दहा मिनिटं बघत होते. म्हणाले, आमच्या कारखान्यात असे दोन जण असते तर मी रविवारी पक्षी बघायला निर्धास्त गेलो असतो.

तेव्हा मी काकांना सगळं सांगून टाकलं. आधी ते हसले. इतके हसले की प्लॅस्टरच्या आतून अळूची शीर बाहेर आली. मग गंभीर झाले आणि म्हणाले, हे बघ, परवा सकाळी दादा, म्हणजे तुझे आप्पा, येतायत. माझं पत्र त्यांना पोचलंय, ते खुशीत आहेत. परवा गप्प बैस. मंगळवारी रात्री त्यांची गाडी सुटली की बुधवारी जाऊन कबूल कर. तुझं बंगळूरही राहील आणि त्या मुलीचंही होईल.

सल्ला वाईट नाही. मी रात्रभर तोच कुशीत घेऊन झोपलो. पण बुधवारी सकाळी धारवाडचे लोक येणार. त्यांच्यासमोर विश्वेश्वरराव काय सांगणार? मुलीला नकाशाबिकाशाचा नाद होता, पण आता सोडवलाय. आणि ती मान खाली घालून बसणार, आणि तिकडे वहीत परसू मापं लिहिणार, आणि दवाखान्यातल्या माणसांच्या अंगावर आमट्या सांडत राहणार. बुधवारी दुपारी जाऊन मी खरं बोललो तर त्याचा कुणाला काय उपयोग? मला होईल फक्त. उद्या बोलायचं तर आप्पा समोर असणार, आणि आप्पा समोर असले की मी पुन्हा फरशीच म्हणेन, मी स्वतःला ओळखतो. म्हणून आज. आत्ता.

मी विश्वेश्वररावांना सांगणार आहे की तिने दोनदा विचारलं आणि मी दोनदा खोटं सांगितलं. कामगारांसमोर ओरडलो तर कामगारांसमोर सांगायला हवं, पण आज रविवार, कारखाना बंद. निदान परसू तिथेच मागे राहतो, त्याला बोलावून घेईन. वही तिला परत द्या म्हणेन. लग्नाचं काही बोलणार नाही. अशा दिवशी तो विषय काढणाऱ्याला मी स्वतःच ओसरीवरून ढकलून दिला असता. आणि उद्या आप्पा आले की काकांचं पहिलं पत्र फिरवणारं दुसरं पत्र मीच त्यांच्या हातात देणार. ते लिहून खिशात ठेवलंय. परवाच्या गाडीत माझंही तिकीट निघेल बहुतेक. तुला हळद लागली तर सांग, यंदा घाऊक मिळेल.

भीती वाटतेय. नळवाल्याची वाटली नव्हती. ती ओसरीवर असेल की नसेल हे ठाऊक नाही, आणि त्यातलं जास्त वाईट काय तेही कळत नाही. असली तर तिने काही बोलू नये असं वाटतं, आणि निदान ‘सरी’ म्हणावं असंही वाटतं.

काकू म्हणतेय, चहा घेऊन जा. नको म्हटलं. ती म्हणाली, मग निदान शर्ट बदल, दोन दिवस तोच आहे. बदलला. कुठे चाललास विचारते. खरं सांगायला, म्हटलं, तर म्हणाली की त्याला एवढा चांगला शर्ट कशाला.

आता पाय काढतो, म्हणजे टेबल पडेल आणि शाई सांडेल, ती या कागदावर दिसली तर माझं रडं समजू नकोस. तुझा लोभ या वेळी मागत नाही. उरला असेल तर असू दे.
तुझा
विद्याधर

ता. क. हे बाहेर पायरीवर बसून लिहितोय, पाकीट गुडघ्यावर धरलंय. वाटेत पेटीत टाकीन. काका आतून ओरडतायत की वाऱ्याने नकाशे उडतायत, दार लाव. लावलं. निघालो.